कुंभारीचे रायनगर : घराची पाहणी आणि वाटेचा हिशेब

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घराला लागून असलेल्या चाळीत विडी वळणाऱ्या ज्या अक्का राहतात, त्यांच्या नावावर कुंभारीच्या रायनगरमध्ये एक घर निघाले आहे. तिथे राहायला जावे, ते मुलाला द्यावे, की त्याला कुलूप घालून पेठेतली भाड्याची खोलीच धरून ठेवावी, हा निर्णय त्यांना घ्यायचा होता, आणि शाळेत शिकवणारी म्हणून त्यांनी मला सोबत नेले. आम्ही दोघी तिथे तीन वेळा गेलो : एकदा सकाळी, एकदा भर उन्हात आणि एकदा मुद्दाम दिवेलागणीनंतर. हे परीक्षण त्या तीन फेऱ्यांवर आणि या शहरात जन्म काढताना जे पाहिले त्यावर आधारलेले आहे. घर कसे आहे ते मी सांगणारच आहे. परंतु ज्या गावातला कामधंदा दर दशकाला आटत गेला, तिथे घर कोणत्या जागी उभे राहिले ही गोष्ट त्याच्या भिंतींइतकीच मोलाची असते, अशी माझी धारणा आहे, म्हणून अधिक मजकूर जागेविषयीच आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. रायनगर ही दक्षिण सोलापूर तालुक्यात, कुंभारी गावाच्या शिवारात उभी राहिलेली ३०,००० घरांची वसाहत असून ती विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, शिलाई करणाऱ्या बायका आणि रिक्षाचालक अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून बांधली गेली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापुरात ज्यांना सगळे आडम मास्तर म्हणतात, त्यांनी तिचा पाठपुरावा केला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या टप्प्यातील १५,००० घरांचे लोकार्पण झाले. योजनेप्रमाणे एका घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान मिळते आणि उरलेली रक्कम लाभार्थी स्वतःच्या बचतीतून व कर्जातून भरतो. दोन टोकांच्या विचारांचे लोक एका कामासाठी एकत्र आले आणि ते काम पूर्णत्वाला गेले, याचे मला मनापासून समाधान वाटते, आणि पुढे मी जी टीका करणार आहे ती या समाधानाला सोडून नाही.

सोलापूरची अवस्था समजल्याशिवाय कुंभारीच्या जागेचा विचार करता येणार नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला आम्ही जुनी गिरणी म्हणतो. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरेच्या घरे येऊन पूर्व भागात वसली. माझ्या लहानपणी आमच्या घरात घड्याळ होते, पण वडील भोंग्यावरच उठत. नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. काम यंत्रमागांवर आले, चादर आणि टॉवेल यांनी शहराला धरून ठेवले, आणि ज्या घरातला पुरुष गिरणीतून घरी बसला त्या घरात बाई विडी वळू लागली किंवा आधीपासून वळत होती ती अधिक वळू लागली. आज यंत्रमागही पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि शिकलेली पोरे पुण्याला जातात. आमच्या गल्लीतल्या दहावीच्या एका वर्गातले किती जण अजून सोलापुरात आहेत हे मोजायला मला एका हाताची बोटे पुरली.

अशा गावात घर बांधणाऱ्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा? वाढत्या शहरात, म्हणजे पुण्यात किंवा नाशकात, घर जरा लांब पडले तरी काम हळूहळू त्या दिशेने सरकते, दुकाने येतात, बस येते, आणि चार-पाच वर्षांत ती जागा लांबची राहत नाही. आटणाऱ्या शहरात असे होईलच याची खात्री धरता येत नाही. तिथे जे काम आहे ते आहे त्या पेठांत, आहे त्या ओळखीपाळखीवर टिकून असते, आणि घर त्यापासून दूर नेले की कामच त्या घरापासून सुटते. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न असा की त्या घरातली बाई सकाळी काम आणायला कुठे जाते आणि ते परत द्यायला कुठे जाते. पुरुषाचा प्रश्न मी मागे ठेवत नाही. पण पूर्व भागातल्या बहुतेक घरांत महिन्याचे किराणा सामान बाईच्या विड्यांवर येते, हे इथल्या कुठल्याही किराणा दुकानदाराला ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष घर. तळमजला अधिक दोन मजले अशा इमारतींच्या लांबच लांब ओळी आहेत. घर सुमारे ३०० चौरस फुटांचे, बैठकीची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकाची जागा, आणि घरातच संडास व न्हाणी. अक्कांची सध्याची खोली दहा बाय बाराची असून तीत पाच माणसे राहतात आणि संडास चाळीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. रायनगरच्या घरात शिरल्यावर त्यांनी आधी संडासाचे दार उघडले, आतून कडी लावून पाहिली, पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली. चाळीस वर्षे रात्री-अपरात्री टमरेल घेऊन अंगण ओलांडलेल्या बाईला त्या कडीचे मोल काय असेल, ते मला वेगळे सांगायला नको. या एका गोष्टीला मी पुरेपूर गुण देते.

त्यानंतर अक्कांनी जे केले ते कुठल्याही इंजिनिअरच्या तपासणीपेक्षा मला अधिक शिकवून गेले. त्यांनी पिशवीतून आपले सूप काढले, बैठकीच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला पाठ लावून मांडी घातली, सूप मांडीवर ठेवले आणि उजेड कुठून येतो ते पाहिले. विडी वळणारीला पाठीमागून किंवा डाव्या खांद्यावरून उजेड लागतो. समोरून आला तर दिवसभर डोळे दिपतात आणि हाताची सावली सुपात पडली तर तंबाखू कमीजास्त होते, आणि कमीजास्त झालेली विडी छाटात, म्हणजे नापास विड्यांत, जाते. मग त्यांनी विचारले की पाने कुठे भिजवायची. तेंदूची पाने, म्हणजे अक्कांच्या तेलुगूत ‘आकू’, रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागतात आणि सकाळी ती पत्र्याच्या मापाने कात्रीने कापतात. चाळीत हे काम ओट्यावर होते. वरच्या मजल्यावर ओटा नाही. पाने न्हाणीत भिजवावी लागतील आणि सकाळी घरातल्या माणसांच्या आंघोळी खोळंबतील. तंबाखूची धूळही आहेच. चाळीत ती उंबऱ्याबाहेर उडून जाते, इथे ती दार लावलेल्या ३०० चौरस फुटांत लहान मुलांच्या अंथरुणावर बसेल.

हा बांधकामाचा दोष नाही, कारण घर घर म्हणून नीट आहे. परंतु ज्या वसाहतीतल्या हजारो घरांत कामही घरातच होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, तिथे दर इमारतीमागे तळमजल्यावर एक उघडी पडवी, पाण्याची मोरी आणि वर पत्रा असलेली सामाईक जागा धरायला हवी होती, असे मला वाटते. योजनेच्या नियमात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले होते; त्यात राहण्याची सोय बसते, कामाची बसत नाही. तळमजल्याचे घर ज्यांना मिळाले त्या बायका दारासमोर पोते पसरून बसतील. अक्कांचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

आता जागा. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर आहे, आणि याच रस्त्याला शहराच्या पूर्वेला एमआयडीसी आहे, जिथे चादर-टॉवेलचे कारखाने, सूतगिरण्या, रंगखाते आणि आता शिलाईची युनिटे आहेत. नकाशावर पाहिले तर पूर्व भागातल्या पेठा, एमआयडीसी आणि कुंभारी एकाच रेघेवर येतात. म्हणजे यंत्रमागावर पाळी करणाऱ्या माणसाला रायनगरहून निघून शहर ओलांडावे लागत नाही. कारखाना वाटेतच लागतो. हीच ३०,००० घरे पुणे रस्त्याला किंवा विजापूर रस्त्याच्या पलीकडे बांधली असती तर निम्म्या कुटुंबांनी किल्ली परत केली असती. त्यामुळे ‘इतक्या लांब माळावर कशाला बांधले’ अशी जी सरसकट टीका शहरात ऐकू येते ती मला पूर्णपणे मान्य नाही. दिशा योग्य निवडली आहे. अंतराविषयी मात्र माझी तक्रार आहे.

कुंभारीला ही पहिली वसाहत नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत याच गावाच्या शिवारात झाली आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. रायनगर त्या अनुभवाच्या पुढचे पाऊल आहे. आम्ही दुसऱ्या फेरीत मुद्दाम त्या जुन्या घरकुलात थांबलो, कारण घर कसे आहे ते नवीन असताना कळत नाही, वीस वर्षे वापरल्यावर कळते. तिथे आज शाळा आहे, किराणा आहे, पिठाची गिरणी आहे, बोनालू या तेलुगू सणाच्या तयारीच्या गप्पा आहेत. लोकांनी घरापुढे पत्रे टाकून ओटे केले आहेत आणि त्यावर बायका सुपे घेऊन बसलेल्या आहेत. एका बाईने आम्हाला पाणी दिले आणि सांगितले की सुरुवातीची चार-पाच वर्षे फार जड गेली, पाने आणायला आणि विड्या घालायला, म्हणजे कारखान्यात जमा करायला, शहरात जावे लागे, पोरांना शाळेतून काढून कामाला लावलेली घरे त्यांनी पाहिली, आणि मग हळूहळू वस्ती भरली तशी कामे जवळ आली. त्या चार-पाच वर्षांचा विचार नकाशा आखताना कोणी करत नाही, आणि माझ्या या परीक्षणाचा मुद्दा नेमका तोच आहे.

पूर्व भागातल्या पेठांपासून रायनगर दहा किलोमीटरहून जास्त लांब आहे. शहरात बस मोजक्या आहेत, त्यामुळे भरवसा शेअर रिक्षावर. परतीच्या वाटेवर मी अक्कांना विचारले की भाडे परवडेल का. त्यांनी रुपयांत उत्तर दिले नाही. बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाल्या, “बाळा, जाऊन-येऊन पाव हजार गेले बघ.” पाव हजार म्हणजे अडीचशे विड्या. दिवसभर मान मोडून ज्या बाईच्या हातून हजार विड्या होतात तिच्या सकाळच्या अडीच तासांचे काम रिक्षात गेले. त्यात कारखान्यात विड्या घालायला रांग, छाट काढणाऱ्याशी हुज्जत आणि पाने मिळेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. चाळीतून त्या पायी जातात, वाटेत भाजी घेतात आणि दहा वाजता पुन्हा सुपावर असतात. आजवर चालत होत असलेल्या एका कामाचे घर बदलल्याने चार फेऱ्यांत रूपांतर होते, आणि प्रत्येक फेरीला पैसे पडतात.

हा अनुभव एकट्या सोलापूरचा नाही. अहमदाबादमध्ये १९८७ साली झोपडपट्टीतल्या कष्टकरी बायकांमध्ये सोडत काढून काही जणींना शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर चांगली घरे देण्यात आली होती. १४ वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली तेव्हा असे आढळले की घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायलाच गेले नव्हते आणि आणखी ३२ टक्के जाऊन पुढे सोडून आले होते. जे राहिले त्यांचे घर नक्कीच चांगले होते, परंतु त्यांच्या कमाईत किंवा मुलांच्या भवितव्यात फरक पडला नव्हता, आणि अडीनडीला उसने देणारे, आजारपणात धावून येणारे जुने शेजारी मात्र तुटले होते. हे वाचल्यापासून मी रायनगरच्या ओळींमधून चालताना कुलपे मोजू लागले. आकडा इथे देत नाही, कारण वस्ती अजून भरते आहे आणि अशा वेळी मोजलेली कुलपे अन्यायाची ठरतील. पण पाच वर्षांनी ती कोणीतरी नीट मोजावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वसाहतीच्या आकाराचाही विचार करू. एका घरात चार माणसे धरली तरी ३०,००० घरांची वस्ती सव्वा लाखाच्या घरात जाते. २०११ च्या जनगणनेत बार्शी शहराची लोकसंख्या १ लाख १८ हजारांच्या आसपास होती. म्हणजे एका ग्रामपंचायतीच्या शिवारात एक अख्खी बार्शी उभी राहते आहे, आणि ती सोलापूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. बार्शीला नगरपालिका आहे, बाजार समिती आहे, शंभर वर्षांची बाजारपेठ आहे. तिथला माणूस बार्शीतच कमावतो आणि बार्शीतच खर्च करतो. रायनगरमधला माणूस कमवायला शहरात येईल, कर मात्र शहराला देणार नाही, आणि त्याच्या गटाराची, दिव्याची, कचऱ्याची जबाबदारी कोणाची, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागेल. मला हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा वाटतो. पाण्याविषयी काय बोलावे? उजनी धरण भरलेले असतानाही सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि पिंप भरून ठेवणे ही इथल्या प्रत्येक घराची सवय आहे. तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारतीत पिंप कुठे ठेवायचे आणि वर कसे चढवायचे, याचे उत्तर घर घेणाऱ्याने राहायला जाण्याआधी मिळवावे.

मग पर्याय होता का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारते, कारण जमीन आकाशातून पडत नाही हे मलाही कळते. रायनगर उभारणाऱ्या कष्टकऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेला एवढी सलग जमीन परवडेल अशा भावात शहरात कुठेही मिळाली नसती, आणि कुंभारीच्या माळरानावर ती मिळाली, म्हणून तर ही घरे झाली. माळावर जमीन स्वस्त असते कारण तिथे काही नसते. तिथे सर्व काही नेण्याचा खर्च पुढे कोणीतरी भरतो, आणि बहुतेक वेळा राहणाराच तो रिक्षाच्या भाड्याने आणि टँकरच्या पैशाने भरतो. दुसरीकडे, शहराच्या मधोमध, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी बंद गिरण्यांची आवारे वर्षानुवर्षे पडून राहिली आणि त्यांच्या जमिनीचे काय करायचे यावर नुसते वाद झाले. त्या जमिनी मोकळ्या होत्या त्या काळात त्यातला चौथा हिस्सा जरी गिरणी आणि माग कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवला असता तरी हजारो कुटुंबांची वाट वाचली असती. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांची घरे व्हावीत यासाठी मोठा लढा झाला आणि म्हाडाच्या सोडतीतून काहींना ती मिळालीही. सोलापूरच्या गिरणी कामगाराने घाम तेवढाच गाळला होता.

आणखी एक जागा आहे, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. १९९२ साली आसपासची ११ गावे महापालिकेत आली आणि त्या पट्ट्याला आजही आम्ही हद्दवाढ भागच म्हणतो, इतकी वर्षे झाली तरी. तिथे घरांच्या मध्ये मोकळे भूखंड आहेत, अर्धवट रस्ते आहेत, ओळीत चार घरे आणि मग बाभळीचे रान. रायनगरसारखे सलग ३५० एकर तिथे मिळणार नाहीत, पण दोनशे-तीनशे घरांचे तुकडे मिळतील, आणि असा तुकडा भरला की आधीच राहणाऱ्यांच्या रस्त्याला, गटाराला, बसलाही माणसे मिळतात. ज्या शहरात नव्याने येणारे कमी आणि सोडून जाणारे जास्त, त्या शहराने आपला घेर वाढवत नेण्यापेक्षा आतल्या मोकळ्या जागा आधी भरल्या पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. एकाच ठिकाणी ३०,००० घरांचा आकडा जाहीर करण्यात जो उत्साह असतो तो शंभर ठिकाणच्या तीनशे घरांत नसतो, हे खरे. पण राहणाऱ्या माणसाला आकडा उपयोगी पडत नाही.

तुलनेसाठी आम्ही एका खासगी बिल्डरची स्कीमही पाहिली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नाव लिहीत नाही. माहितीपत्रकात ‘शहरापासून दहा मिनिटे’ असे छापले होते; रिक्षाने आम्हाला पस्तीस मिनिटे लागली आणि शेवटचा रस्ता मुरमाचा होता. सॅम्पल फ्लॅट सुरेख होता, फरशी चकचकीत होती. पण आसपास ना कारखाना, ना शाळा, ना दवाखाना, आणि संध्याकाळी त्या इमारतींत एकूण सात खिडक्यांत उजेड होता. विक्री करणाऱ्या मुलाने सांगितले की बहुतेक घरे पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी ‘गुंतवणूक म्हणून’ घेतली आहेत. ज्या गावात शेकडो कुटुंबे दहा बाय बारात राहतात तिथे रिकाम्या घरांची गुंतवणूक व्हावी, याचे मला फार वाईट वाटले. रायनगरच्या बाजूने बोलायचे तर, तिथे संध्याकाळी पोरांचा आरडाओरडा होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या, आणि जिन्यात दोघी जणी कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करीत बसल्या होत्या.

विडीचे पुढे काय होणार, याचाही विचार जागा निवडताना करावा लागतो. पाकिटावरचा आरोग्याचा इशारा २०१६ पासून ८५ टक्के भाग व्यापतो, विडी ओढणारे घटत चालले आहेत, आणि ते घटावेत हे योग्यच आहे. पण मग अक्कांच्या सुना आणि नाती काय करतील? इथे मला कुंभारीची जागा पुन्हा बरी वाटू लागते. गावात अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. एवढ्या मोठ्या रुग्णालयाला परिचारिका लागतात, प्रयोगशाळेत माणसे लागतात, स्वयंपाकघर आणि धुलाई लागते. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा गेल्या काही वर्षांत वाढला आहे आणि त्यातला मोठा भाग बायकांच्या हातांवर चालतो. रायनगरच्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर शिलाई मशीन मांडता येतील असे साधे गाळे बांधून गणवेशाच्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिले, आणि परिचर्येचा छोटा अभ्यासक्रम त्या वसाहतीतल्या मुलींसाठी राखीव जागांसह सुरू झाला, तर पुढच्या पिढीला शहरात येण्याची गरजच कमी पडेल. अक्कांच्या धाकट्या नातीला बारावीला विज्ञान आहे. आम्ही रुग्णालयाच्या फाटकासमोरून गेलो तेव्हा तिने रिक्षातून डोके बाहेर काढून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले.

कोणी घ्यावे, कोणी थांबावे, याविषयी माझे मत असे. ज्या कुटुंबातला पुरुष किंवा मुलगा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि घरात दुचाकी आहे, त्याने डोळे मिटून राहायला जावे. भाडे वाचेल आणि घर स्वतःचे होईल. ज्यांची मुले पाचवीच्या आत आहेत त्यांनीही जावे, कारण शाळा बदलायची तर लवकर बदललेली बरी. जी बाई एकटी आहे, जिची कमाई फक्त विडीवर आहे आणि जिचा कारखाना पेठेत आहे, तिने निदान कारखान्याची शाखा वसाहतीजवळ येईपर्यंत पेठेतली खोली सोडण्याची घाई करू नये. दोन ठिकाणचा खर्च जड आहे, हे मी जाणते. दम्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्याची अदलाबदल मिळते का, ते संस्थेकडे लेखी विचारावे. घर बघायला जाताना सकाळी एकदा आणि रात्री एकदा जावेच. शेवटची रिक्षा किती वाजता सुटते हे रात्रीच कळते.

गुण द्यायचे झाले तर घराला मी पाचांपैकी चार देईन, दिशेला चार, अंतराला दोन, आणि घरातल्या कामाचा विचार किती केला याला दीड. सरासरी काढणार नाही, कारण अक्कांच्या दृष्टीने शेवटचे दोन गुणच घराचा निर्णय ठरवतात आणि त्यांच्या मुलाच्या दृष्टीने पहिले दोन.

त्यांचे असे ठरले आहे की मुलगा, सून आणि दोन्ही नाती दिवाळीनंतर रायनगरला जातील. सून शिलाई शिकते आहे. अक्का पेठेतल्या खोलीत राहतील आणि शनिवारी विड्या घालून, सोमवारची पाने आधीच घेऊन, दोन रात्री तिकडे काढतील. गेल्या आठवड्यात त्यांनी कारखान्यातल्या मुनिमाला विचारले की कुंभारीला शाखा कधी उघडणार. तो म्हणाला, “तिकडे दोनशे कार्डे झाली की मालकाला सांगतो.” एक कार्ड म्हणजे विडी वळणारी एक बाई. तेव्हापासून अक्का दुपारी सूप बाजूला ठेवून, रायनगरला गेलेल्या आणि जाणाऱ्या बायकांची नावे मला वहीत लिहायला सांगतात. काल संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाली.